रक्ताची साक्ष अपुरी

चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्याला क्षयरोग नवा नाही. येथील एखादा तरुण पोटदुखी, बारीक ताप आणि घटते वजन घेऊन दवाखान्यात आला, की डॉक्टरांना प्रथम आतड्याच्या क्षयाची शंका येते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या विकाराची लक्षणेही हीच. दोन्ही रोग बहुधा लहान आतड्याच्या अखेरच्या भागात ठाण मांडतात. दुर्बिणीतून दिसणारे व्रणही पुष्कळदा सारखेच. क्षयाचे जंतू सापडले तर प्रश्न मिटतो. पण तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात ते अनेकदा सापडतच नाहीत.

अशा वेळी रक्ततपासणीचा मोह स्वाभाविक आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टविरुद्ध शरीरात तयार होणारे ‘आस्का’ हे प्रतिपिंड क्रोनच्या रुग्णांत अधिक आढळतात. स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धचे ‘पी-आंका’ हे अल्सरेटिव्ह कोलायटिस या दुसऱ्या दाहक आंत्रविकारात. (पावाने रोग होतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.) क्षय जेथे विरळ आहे अशा पाश्चात्त्य देशांत या दोन विकारांच्या वर्गीकरणाला त्यांची थोडीफार मदत होते, निर्णायक ती तेथेही नाही.

भारतातला प्रश्नच निराळा आहे: क्रोन की क्षय? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आस्काने याचे उत्तर दिले नाही. क्षयाच्या रुग्णांतही ते जवळजवळ तितकेच आढळले.

येथे चूक महाग पडते. क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली तर मोलाचे महिने वाया जातात. उलट क्षयाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिले तर प्रतिकारशक्ती दबून क्षय पसरू शकतो. म्हणून निदान संदिग्ध असता अनेक डॉक्टर आधी क्षयाची औषधे देतात व काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. मुंबईत यालाही एक फाटा आहे. व्रण भरले नाहीत म्हणजे क्रोनच, असे म्हणता येत नाही. औषधांना न जुमानणारा क्षय या शहरात पुष्कळ आहे.

आणि रुग्ण? थोडे बरे वाटू लागले, की दुसऱ्या तपासणीची रजा आणि खर्च दोन्ही त्याला नकोसे होतात. वस्तुतः क्षयाच्या औषधांनी क्रोनच्या रुग्णालाही काही काळ बरे वाटू शकते. व्रण भरले की नाहीत, हे त्या दुसऱ्या तपासणीवाचून कळत नाही.