फ्रेंच शिकताना आकडे आधी

फ्रान्समधील व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार इंग्रजीत भागतो. परंतु दुकानात शिरताच ‘बोंझूर’ न म्हणता भाव विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. ‘वू’ हे आदरार्थी संबोधनही तितकेच आवश्यक. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील भेद जपणाऱ्या मराठी माणसास ते जड जाऊ नये.

प्रौढ विद्यार्थ्याची खरी कसोटी आकड्यांत लागते. पॅरिसमध्ये ७५ म्हणजे साठ-पंधरा, ९९ म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. दूरध्वनीवर ‘साठ’ ऐकून लिहून घ्यावे, तोच पुढे ‘पंधरा’ येतो! (एकोणसाठ म्हणणाऱ्या आपण मात्र हसू नये.) बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये नव्वदसाठी ‘नोनांत’ हा सुटसुटीत शब्द आहे.

बीजक वाचताना अधिक सावधगिरी हवी. दशांशचिन्ह म्हणून तेथे स्वल्पविराम वापरतात. म्हणून १,२५० किलो म्हणजे सव्वा किलो, साडेबाराशे नव्हे. शंभर कोटींस ‘मिलियार’ म्हणतात, तर फ्रेंच ‘बिलियों’ म्हणजे एक लाख कोटी.

मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझमध्ये ‘ए-१’ या पहिल्याच पातळीवर आकडे शिकवतात. तथापि पेढीवरील रोजची बिले फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचल्याखेरीज ते कानाच्या सवयीचे होत नाहीत.