गावाला जाताना घर कोणाच्या भरवशावर?

मे महिन्याच्या सुट्टीत आपण गावाला जातो. तेव्हा शेजारच्या काकू किंवा एखादा नातेवाईक आपलं घर सांभाळतो. पण नुसती किल्ली हातात देऊन भागत नाही.

निघण्याआधी त्यांना घरी बोलवा. मेन स्विच कुठे आहे, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, कोणतं कुलूप अडकतं, हे सगळं प्रत्यक्ष दाखवा. सिलिंडरचा रेग्युलेटर त्यांच्याच हाताने एकदा बंद करून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गॅस. बंद घरात वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. कारण बटणातल्या बारीक ठिणगीनेही गॅस पेटू शकतो. आधी रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा.

हा नंबर, ११२ आणि तुमचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवा. तुळशीला पाणी किती घालायचं तेही लिहा. दागिने मात्र घरात ठेवू नका. मदत करणाऱ्या माणसावर उगाच जोखीम कशाला टाकायची? बघा, पटतंय ना?