काल काय झालं? यवतमाळात आणि माद्रिदात

स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिला घाम फोडतो तो भूतकाळ. पण कानात यवतमाळची वऱ्हाडी असेल तर भ्यायचं कारण नाही. आपल्या बोलीचा भूतकाळही तितकाच नेमाचा आहे. बघा!

सहा शेपट्या, शेकडो क्रियापदं
'आब्लार' म्हणजे बोलणं. शेवटचा 'आर' काढून शेपटी जोडली की झालं: आब्ले (मी बोललो), आब्लास्ते (तू), आब्लो (तो, ती), आब्लामोस (आम्ही), आब्लास्तेइस (तुम्ही), आब्लारोन (ते). 'आर'वाली सगळी नियमित क्रियापदं याच चालीनं चालतात.

जोर हलला, माणूस बदलला
'आब्लो'त जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'मी बोलतो'. शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'!

आंबा खाल्ला, चिंच खाल्ली
मराठीत क्रियापद खाल्लेल्या वस्तूचं लिंग बघतं. स्पॅनिशमध्ये आंबा खा नाहीतर चिंच, 'मी खाल्लं' म्हणजे 'कोमी'च.

मी गेलो, पण म्या केलं
वऱ्हाडीत जाणारा 'मी', करणारा 'म्या'. जुन्या मराठीतलं 'म्यां' इथं अजून रोजच्या बोलण्यात आहे. प्रमाण मराठीत दोन्हीकडे 'मी'च उरला.

मी गेली
प्रमाण मराठीत बाई म्हणते 'मी गेले'. विदर्भात 'ती गेली' तशीच 'मी गेली'. स्पॅनिशमध्ये बाई असो की पुरुष, 'मी बोललो' आणि 'मी बोलले' दोन्ही 'आब्ले'.

दोनाचं एक
'बोलला होता' म्हणायला स्पॅनिशला दोन शब्द लागतात: 'आबिआ आब्लादो'. वऱ्हाडी 'आला होता'चं सरळ 'आलता' करते, 'आली होती'चं 'आलती'.

शेजारीण निराळ्या घरची
वऱ्हाडी मराठीच्याच घरची, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींची कोलामी मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या द्राविडी कुळातली. मरे एमेनो यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ 1955 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापला.

बोलीचा मान
यवतमाळात साहित्य संमेलन दोनदा भरलं: 1973 मध्ये अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, 2019 मध्ये अरुणा ढेरे. इथल्याच शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगातून वऱ्हाडीला हक्काचा रंगमंच दिला.

म्हणून वर्गात पोरगं 'म्या केलं' म्हणालं, तर त्यावर लाल रेघ ओढू नका. ते व्याकरण मोडत नाही, शेकडो वर्षांचा नियम पाळतं आहे. परक्या भाषेचा नियम आपण कौतुकानं पाठ करतो. तेवढंच कौतुक घरच्या बोलीलाही मिळायला हवं.