गाडी पुसणे वेगळे, डिटेलिंग वेगळे

महागड्या गाड्या धुणाऱ्या आपल्या तरुणांनी हा फरक समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. धुळीवर कोरडे फडके फिरवले की त्यावर गोल ओरखडे उठतात. पॉलिश ओरखडा भरत नाही, भोवतीचा थर घासून सपाट करते. म्हणून आधी धुणे, मग क्ले बारने चिकटलेली घाण काढणे, गेजने जाडी मोजणे आणि शेवटी मशीन. कडांना टेप लावावी, तिथे थर लवकर उडतो. तो उडाला तर पुन्हा रंगच द्यावा लागतो. भरपाई मात्र कामगाराकडे मागितली जाते. म्हणून कामाआधीच जाडीची नोंद आणि फोटो मालकासमोर घ्या. मोजून काम करणाऱ्यालाच आपला दर ठामपणे सांगता येतो.