नगरचं लग्न, न्यू जर्सीचा प्लेअर

आमच्या नगरच्या लग्नांच्या डीव्हीडींनी जेवढा परदेश पाहिला, तेवढा नवरा-नवरीनेही पाहिला नसेल! 2000 नंतरच्या दशकात चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि लग्नाची डीव्हीडी असं पार्सल सावेडीहून अमेरिकेला निघायचं. आठवड्याने फोन यायचा, "दादा, चटणी मस्त! पण डिस्क लागतच नाही रे!"

घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच, त्यामुळे या तक्रारी माझ्याकडेच. सगळ्यांचा पहिला संशय रीजन कोडवर. भारत 5, अमेरिका 1, युरोप आणि जपान 2. पण हे कुलूप असतं सिनेमाच्या विकतच्या डिस्कवर. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कवर ते सहसा नसतंच.

खरा व्हिलन

खरी गोम टीव्हीच्या सिस्टीममध्ये. आपली पॅल, म्हणजे 576 रेषा आणि सेकंदाला 25 फ्रेम्स. अमेरिकेची एनटीएससी, म्हणजे 480 रेषा आणि 29.97 फ्रेम्स. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवायचे, अमेरिकेतले बरेचसे फक्त त्यांचंच. म्हणून तिकडची डिस्क नगरमध्ये झकास चालायची आणि इकडची तिकडे रुसायची. कॉम्प्युटरला मात्र या भांडणाशी देणंघेणं नसतं.

लॉजिकने शोधा

- कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर नाही? आधी पॅल-एनटीएससी बघा.
- ज्या मशीनवर राइट केली तिथेच चालते? मग डिस्क 'फायनलाइज' करायची राहिली असेल.
- आत व्हिडिओची नुसती फाइल आहे? जुन्या प्लेअरला 'व्हिडिओ टीएस' फोल्डरच लागतो.
- अडकत अडकत चालते? ओरखडे, फार स्पीडने केलेलं राइटिंग किंवा वर चिकटवलेलं स्टिकर. स्टिकरने डिस्कचा तोल जातो.

आजीचा आवाज

हे सगळं आज कशाला? कारण माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आजीने म्हटलेली मंगलाष्टकं एकाच डिस्कवर होती. आजी आता नाही. स्टुडिओवाल्याने मूळ कॅसेट केव्हाच पुसून पुन्हा वापरली होती. दोन ड्राइव्हनी डिस्क ओळखलीच नाही. तिसरा जुना ड्राइव्ह कुरकुरला, पण वाचू लागला. प्रत्येक ड्राइव्हची लेझर थोडी वेगळी, त्यामुळे एकाने नाकारलं म्हणून डिस्क मेली असं नाही. लगेच पूर्ण फोल्डर कॉपी केला, मग हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने एमपी4 बनवली. बहिणीने ती न्यू जर्सीत फोनवर पाहिली. पॅल नाही, एनटीएससी नाही, नुसता आजीचा आवाज!

राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेने उतरतो. नगरचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीचा बाहेरून लावता येतो. तेव्हा मंडळी, या रविवारी माळ्यावरची ती डबी काढाच. एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक परदेशातल्या भावंडाकडे. आणि हो, चटणी विसरू नका!