तलफेचा पत्ता

सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाचा धीर टिकावा म्हणून गेल्या पन्नास वर्षांत सरकारने, न्यायालयांनी आणि वैद्यांनी जे उपाय योजले, त्यांचा हिशेब मांडावयाचा तर तो चंदनसारसारख्या, विरार स्थानकाच्या पूर्वेस महामार्गाच्या बाजूला पसरत गेलेल्या आणि उजाडताच निम्म्याने रिकाम्या होणाऱ्या वस्तीत बसून मांडणे मला सोयीचे वाटते. कारण येथील नोकरदार या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग रोज, स्वतःच्याही नकळत, करीत आला आहे.

पहिला उपाय भयाचा. 1975 सालच्या कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. 2009 च्या मे अखेरीस त्याच्या जोडीला चित्रे आली आणि एप्रिल 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग त्यांनी व्यापला. परंतु आमच्याकडे पाकीट विकत घेतो कोण? टपरीवर सुटी सिगारेट मागावी, दोरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटवावी आणि चालू लागावे, असा येथला रिवाज. इशारा आपला टपरीवाल्याच्या फळीवरच राहून जाई. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने सुट्या विक्रीसही मनाई केली. तिच्या अंमलबजावणीविषयी न बोललेले बरे.

दुसरा उपाय हुकमाचा. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी इस्पितळे, शाळा, ग्रंथालये, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मज्जाव केला. 2003 साली सर्वंकष कायदा होऊन 200 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम अमलात आले. माझ्या मते या हुकमाचे खरे श्रेय दंडवसुलीत नाही. झुरक्यावाचून तास जातात, ही गोष्ट त्याने माणसाच्या अंगवळणी पाडली, यात आहे.

आरंभी म्हटलेला नोकरदाराचा रोजचा प्रयोग तो हाच. घरी अर्धा तास सिगारेट मिळाली नाही तर कासावीस होणारा गृहस्थ चर्चगेटहून निघालेल्या लोकलमध्ये, खांद्याला खांदा लावून, दीड तास बिनतक्रार उभा राहतो. विरारला उतरून पुलाच्या पायऱ्या उतरताच, चंदनसारच्या रिक्षेच्या रांगेत पोचण्यापूर्वी, त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. रक्तातील निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येते, तेव्हा देहाची मागणी गाडीतही वाढतच असते. मात्र तिचा तगादा लागतो तो टपरी दृष्टीस पडल्यावर. मी त्यांतलाच एक. सिगारेट सोडली तेव्हा टपरी टाळून जाणारा लांबचा रस्ता धरला आणि तोंडात लवंग ठेवली. तलफेची लाट काही मिनिटांची असते, तेवढ्यात ती टपरी मागे पडे.

अवघड काळ पहिल्या आठवड्याचा, असे सगळे सांगतात. मला त्याहून अवघड वाटला तो पुढचा. आरंभी परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाचे नुसते नाव आठवले तरी निग्रहाला बळ येई. पण खोकला थांबला, जिभेला चव आली, आणि प्रकृतीबरोबर भयही बरे झाले. भयावर उभारलेला संकल्प अशा वेळी निराधार होतो. सिगारेट सोडल्यावर हृद्रोगाचा वाढलेला धोका वर्षभरात निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा सुमारे दहा वर्षांत. ही मुदतठेव उत्तम खरी, परंतु तलफ रोकड मागते. म्हणून मी विरारच्या जीवदानी देवीचा डोंगर निवडला. अधूनमधून पायऱ्या चढावयाच्या आणि पहिला विसावा कोठे घ्यावा लागला तेवढे ध्यानात ठेवावयाचे; ती जागा हळूहळू वर सरकू लागली, आणि त्या सरकण्याने जे साधले ते कोणत्याही चित्राने साधले नव्हते. (देवीचे दर्शनही झाले, हा वरकड लाभ.)

सरकारी उपायांत मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो 2016 साली सुरू झालेल्या विनाशुल्क दूरध्वनी सेवेचा: 1800-11-2356. सप्टेंबर 2018 पासून तो क्रमांक पाकिटावर छापला जातो, म्हणजे पुन्हा सुट्या गिऱ्हाइकाच्या नजरेआडच. आमच्या शेजारच्या आजोबांनी तो दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदावर उतरवून दारामागे लावला. आता आजोबा संध्याकाळी चपला शोधू लागले की सूनबाई स्वयंपाकघरातूनच विचारतात, ‘‘बाबा, लावू का फोन?’’ आणि आजोबा रागावून, पण चपला परत ठेवून, चहा मागतात.