पाचारण (ख्रिस्ती धर्म)

पाचारण ही ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती संकल्पना आहे. देव माणसाला हाक देतो आणि त्या हाकेला ओ देऊन माणसाने आपले आयुष्य देवाच्या सेवेस लावावे, असा तिचा आशय आहे. ही हाक केवळ धर्मगुरू व मठवासी यांनाच येते, की शेतात राबणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या माणसांनाही येते, हा प्रश्न ख्रिस्ती समाजात अनेक शतके वादाचा राहिला.

शब्द आणि आधार

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’ असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘पाचारण’ हा शब्द रूढ झाला. सेवेसाठी योजलेला ‘डायकोनिया’ हा शब्द पंक्तीत वाढण्याच्या कामाशी निगडित आहे. पौल तर स्वतःला ख्रिस्ताचा ‘दूलोस’, म्हणजे गुलाम, म्हणवतो. संतपरंपरेमुळे ‘दास’ हा शब्द मराठी कानाला गोड वाटतो; रोमन साम्राज्यात मात्र तो विकत घेतलेल्या माणसाचा वाचक होता. योहानाच्या शुभवर्तमानानुसार अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. या प्रसंगाच्या स्मरणार्थ अनेक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू उपासकांचे पाय धुतात.

ही सेवा तारणाची किंमत मानली जात नाही. तारण देवाच्या कृपेने मिळते आणि सेवा ही त्या कृपेला दिलेला प्रतिसाद असते, यावर प्रॉटेस्टंट पंथांचा विशेष भर आहे. सत्कृत्यांचे नेमके स्थान काय, या सोळाव्या शतकातील वादावर कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक संघ यांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्राद्वारे बरीच सहमती नोंदवली.

मठ आणि व्यवसाय

मध्ययुगीन युरोपात ‘पाचारण’ म्हणजे मुख्यतः संन्यस्त किंवा धर्मगुरूचे जीवन, असे मानले जाई. मार्टिन लूथर याने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत हा भेद नाकारला. बाप्तिस्मा घेतलेले सर्वच याजक आहेत. धर्मगुरू, चांभार, लोहार यांच्यात अंतर आहे ते कामाचे, दर्जाचे नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. व्यवसाय या अर्थाच्या ‘बेरूफ’ या जर्मन शब्दात हाकेचा अर्थही मिसळला आहे. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने पुढे त्यावरच आपल्या विवेचनाचा मोठा भाग उभारला. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच असल्याचे स्पष्ट केले.

या विचाराची दुसरी बाजूही आहे. प्रत्येकाने पाचारण झाले त्या स्थितीतच राहावे, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. गुलामाला मुक्तीची संधी मिळाल्यास काय करावे, याविषयीच्या पुढील वाक्यात ‘उपयोग करून घे’ या क्रियापदाला मुळात कर्मच नाही. त्यामुळे संधीचा उपयोग करावा की गुलामीचा, असे दोन्ही अर्थ लावले गेले. अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी पौलाच्या पत्रांचा आधार घेतला आणि तिच्या विरोधकांनीही बायबलच पुढे केले. मिळालेले काम देवाची सेवा म्हणून करणे आणि लादलेले काम निमूट सोसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; हा फरक पुसला गेला तेव्हा पाचारणाची शिकवण सत्ताधाऱ्यांच्या सोयीची ठरली.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये विधवा व दुष्काळपीडित स्त्रिया विणकाम, शेती आणि छपाई शिकत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तेथेच छापला गेला. आश्रमातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले.

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला व पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. पगारी मिशनसेवा आणि देवाची सेवा यांतील ताण त्यांना उत्तरोत्तर जाणवू लागला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात प्रवेश होता.